विषय: २७ तारखेचा क्रॅनबेरी सॉस, लिकरचं काय?

प्रेषक: किचन कमिटी (न्यू जर्सीतल्या एडिसन गावची काकू)
नमस्कार मंडळी, थँक्सगिव्हिंगचा क्रॅनबेरीचा, म्हणजे त्या आंबट लाल फळांचा, सॉस मीच करतेय, डब्यातला नको हे गेल्या वर्षीच ठरलंय. ४५ पानं धरली तर १२ औंसाच्या ५ पिशव्या लागतील, पिशवीला १ कप साखर, १ कप पाणी, संत्र्याची किसलेली साल, आणि गॅस बंद केल्यावर २ टेबलस्पून ग्राँ मार्निए, म्हणजे संत्र्याचं लिकर. बाटलीचे पैसे मंडळ देईल का तेवढं आजच सांगा, बुधवारी रात्री करायचाय, रात्रभर फ्रिजमध्ये राहिल्याशिवाय तो नीट आळत नाही.

प्रेषक: खजिनदार
काकू, पैशाचं बघू, पण हॉलच्या करारात दारू आणायची नाही असं स्पष्ट लिहिलंय. बाटली हॉलवर येता कामा नये, सही माझी आहे.

प्रेषक: उत्सव समिती
२७ ला गुरुवार, तोही मार्गशीर्षातला. आमच्याकडे घट मांडलेला असतो, निम्म्या बायका उपास सोडायला येणार. टर्की वेगळ्या टेबलावर असते, दिसते तरी. सॉस सगळ्यांच्याच पानात पडतो. मागच्या वेळी माझ्या सासूबाईंना खाऊन झाल्यावर कळलं, त्या रात्रभर अस्वस्थ होत्या. परत तसं नको.

प्रेषक: किचन कमिटी
अगं, गरम सॉसमध्ये अल्कोहोल उडून जातं, फक्त वास राहतो. ६ वर्षं हेच करतेय.

प्रेषक: प्रिन्स्टनचे काका
काकू, उडून जात नाही हो. अमेरिकेच्या कृषी खात्याचा तक्ता आहे, गॅस बंद करून गरम पदार्थात मिसळलं तर ८५ टक्के राहतं, मिसळून १५ मिनिटं मंद शिजवलं तरी ४० टक्के उरतं. तुमचे १० टेबलस्पून म्हणजे साधारण १५० मिली, ग्राँ मार्निए ४० टक्क्यांची, म्हणजे ६० मिली अल्कोहोल, त्यातलं ५० मिली उरलं तर माणशी १ मिलीच्या थोडं वर. त्याने कोणाला काही चढणार नाही, पण नाहीच आहे असं सांगू नका. बाकी क्रॅनबेरी कशी काढतात ते बघायचं असेल तर आपल्या न्यू जर्सीतच, पाइन बॅरन्सच्या जंगलात चॅट्सवर्थ गावाकडे ऑक्टोबरमध्ये जाऊन बघा, वाफ्यांत पाणी सोडतात आणि फळ तरंगून वर येतं, आत हवेच्या पोकळ्या असतात म्हणून. नातवंडांना घेऊन गेलो होतो, सगळं पाणी लाल.

प्रेषक: रत्नागिरीची वहिनी
काका, चॅट्सवर्थ आम्हीही पाहिलंय, मला तर तिथे करवंदंच आठवली. क्रॅनबेरी तडतड फुटायला लागली की आईचा करवंदांचा मुरंबा डोळ्यांपुढे येतो, तोच तुरटपणा. ती दोन लवंगा टाकायची, काकू, टाकून बघा ना.

प्रेषक: उत्सव समिती
माणशी किती मिली हा मुद्दाच नाही काका. न सांगता पानात वाढलं हा मुद्दा आहे. कोणाचा उपास असतो, कोणाच्या गोळ्या चालू असतात, कोणी प्रयत्नाने दारू सोडलेली असते, आणि लहान मुलंही आहेत.

प्रेषक: किचन कमिटी
हे पटलं. सासूबाईंना माझा निरोप द्या, तेव्हा सांगायला हवं होतं, चुकलंच माझं. आता असं करते, ३ पिशव्या पाण्याऐवजी संत्र्याच्या रसात शिजवते, त्यात लिकरचा थेंबही नाही, चमचा वेगळा, भांडं वेगळं. २ पिशव्यांत लिकर घरीच घालून आणते, वर मोठी चिठ्ठी, आणि ते भांडं टर्कीच्या टेबलावर. साल किसताना पांढरा भाग येऊ देणार नाही, तो आला की कडू होतं, आणि सालीमुळे रसातला सॉसही फिका लागायचा नाही. लवंगा मात्र नाहीत, संत्र्याचा वास दबतो. आता पंचाईत भांड्याची, मंडळाचं मोठं पातेलं ॲल्युमिनियमचं आहे, त्यात एवढं आंबट शिजवायचं नाही. स्टीलचं ५-६ लिटरचं कोणाकडे आहे?

प्रेषक: खजिनदार
लिकर घातलेला सॉस चालेल का हे हॉलवाल्यांना उद्या फोन करून विचारतो. नाही म्हणाले तर पाचही पिशव्या रसात.

प्रेषक: रत्नागिरीची वहिनी
पातेलं माझ्याकडे आहे, झाकण नाही. बुधवारी चारच्या आत न्या, नंतर मी कामावर.