मदत हवी आहे : वहीतला स्टॉक कॉम्प्युटरवर आणायचाय

नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं छोटं शीट मेटलचं युनिट आहे, 14 माणसं. बिलं टॅलीत (हिशोबाचं सॉफ्टवेअर) होतात, पण स्टॉक अजून स्टोअरच्या अण्णांच्या वहीत. ऑइलचे डाग पडलेली लाल वही, आणि अर्धा हिशोब अण्णांच्या डोक्यात! गेल्या आठवड्यात ते लग्नाला चांदवडला गेले, तर 2 मिमीचे पत्रे किती उरलेत हे सांगायला कुणी नाही. फोन लावला तर मागे बँड वाजतोय.

खरी अडचण जॉबवर्कची, म्हणजे बाहेरच्या युनिटकडे काम करून घ्यायला पाठवलेल्या मालाची. प्लेटिंगला (धातूचा मुलामा द्यायला) गेलेला माल 1 वर्षात परत आला पाहिजे, नाहीतर जीएसटी लागतो. पण माल पाठवतानाच्या कुठल्या चलनावरचे किती नग परत आले, ते जुळतच नाही. त्यात यंदा उलाढाल 5 कोटींच्या वर जाईल, म्हणजे पुढच्या वर्षापासून ई-इनव्हॉइसही (बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं) आलं.

टॅलीतच जॉबवर्क बसवून भागेल, की छोटं ईआरपी (स्टॉक, खरेदी, बिलं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) घ्यावं? मागे एकाने डेमो झकास दिला, पैसे घेतले आणि नंतर फोनच उचलेना, म्हणून धास्ती आहे. मोबाईलवर मराठीत एंट्री होईल असं काही सातपूर-अंबडमध्ये कुणी वापरतंय का? येऊन बघायची तयारी आहे. अण्णा शिकायला तयार आहेत, फक्त वही सोडायला नाहीत.