मदरबोर्ड गेला: त्याच सॉकेटचा बोर्ड शोधावा की संगणकच बदलावा?

छापखाना

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचा लहानसा छापखाना आहे. लग्नपत्रिका, हस्तपत्रके आणि पतसंस्थांचे वार्षिक अहवाल जुळवण्याचे सगळे काम २०१३ साली जोडून घेतलेल्या एका डेस्कटॉपवर होते. त्यात इंटेलचा आय५-३४७० प्रोसेसर, ८ जीबी डीडीआर३ मेमरी, एच६१ चिपसेटचा (म्हणजे बोर्डावरच्या जोडण्या सांभाळणाऱ्या मुख्य चिपचा) बोर्ड आणि विंडोज ७ आहे. पंधरा दिवसांपूर्वी दुपारी वीज गेली, ती परत आल्यापासून पंखा फिरतो पण डिस्प्ले येत नाही. गावातल्या दुरुस्तीवाल्याने बोर्ड गेल्याचे सांगितले आणि शहरातल्या दुकानदाराने 'आता याचे काही मिळत नाही, नवीन घ्या' असे सांगून वीस-बावीस हजारांचा अंदाज हातात ठेवला.

मला हे पटलेले नाही. प्रोसेसर, मेमरी, कॅबिनेट आणि २४० जीबीची एसएसडी यांतले काहीही बिघडल्याचे दिसत नसताना, केवळ त्यांना जोडणारी पाटी गेली म्हणून सगळे मोडीत काढणे मला उधळपट्टी वाटते. शिवाय आमच्या गेल्या दहा-बारा वर्षांच्या फायली श्रीलिपी (मराठी टंकांचे सॉफ्टवेअर) आणि पेजमेकर (पाने जुळवण्याचे सॉफ्टवेअर) यांत आहेत. त्या युनिकोडमध्ये नाहीत, आणि सॉफ्टवेअरला डोंगल, म्हणजे यूएसबीत लावायची परवान्याची किल्ली, लागतो. हा संच ज्या विंडोजवर बसवला आहे त्याच विंडोजवर तो मुकाट्याने चालतो, आणि आम्हाला त्याच्याकडून तेवढेच हवे आहे.

म्हणून माझे मत असे आहे की एलजीए ११५५ सॉकेटचाच, म्हणजे माझा प्रोसेसर ज्या खोबणीत बसतो तिचाच, बोर्ड घ्यावा. मात्र पुन्हा एच६१ न घेता वापरलेला बी७५ शोधावा. एच६१ मध्ये मेमरीच्या दोनच खाचा असतात, साटा (डिस्क जोडण्याची पद्धत) ३ गिगाबिटवर थांबतो आणि चिपसेटमध्ये यूएसबी ३.० नाही. २०१२ साली आलेल्या बी७५ मध्ये चार यूएसबी ३.० पोर्टांची सोय आहे आणि एक साटा पोर्ट ६ गिगाबिटचा आहे, म्हणजे एसएसडीला तिचा पूर्ण वेग मिळतो. प्रोसेसर तोच, मेमरी तीच, प्रोसेसरवरचा पंखासुद्धा तोच. या मतात कुठे चूक होत असेल तर सांगावे.

सोल्डर

मतावर बोलण्याआधी एक विचारतो: बोर्डच गेला आहे हे कोणी आणि कसे सिद्ध केले? 'पंखा फिरतो, डिस्प्ले येत नाही' या एका लक्षणामागे निदान चार कारणे असू शकतात, आणि त्यांतली तीन बोर्डाच्या बाहेरची असतात.

मेमरीच्या दोन्ही पट्ट्या काढा, त्यांच्या सोनेरी कडा खोडरबराने हलक्या हाताने पुसा आणि एकेक पट्टी आलटून-पालटून दोन्ही खाचांत लावून पाहा. मग वीज पूर्ण तोडून बोर्डावरचा, त्याची सेटिंग लक्षात ठेवणारा सीआर२०३२ सेल काढा आणि दहा मिनिटांनी परत बसवा. त्यानंतर एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा. चोवीस पिनांच्या प्लगमधली हिरवी तार काळ्या तारेशी क्लिपने जोडली की एसएमपीएसचा पंखा फिरतो, आणि पुष्कळ लोक तेवढ्यावर तो चांगला असल्याचा निर्वाळा देतात. हा निर्वाळा अपुरा आहे. भार नसताना फिरणारा एसएमपीएस भाराखाली कोसळू शकतो. मीटर लावून पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ व्होल्ट मिळतात का ते बोर्ड जोडलेला असताना पाहा. वीज जाऊन परत आल्यावर बिघाड झाला असेल तर माझा पहिला संशय एसएमपीएसवर असतो, आणि तोच दोषी निघाला तर नवा बोर्ड लावल्यावर तो त्यालाही सोबत घेऊन जाईल.

नवा_पाया

धागाकर्त्यांची कळकळ समजते, पण निष्कर्षाशी मी असहमत आहे, आणि माझा आक्षेप पैशांपेक्षा काळाबद्दल आहे.

वापरलेला बी७५ बोर्ड आज घेतलात तर तो दहा-बारा वर्षे कुठल्यातरी कार्यालयात रोज आठ तास तापलेला असणार. त्याची उरलेली आयुर्मर्यादा कोणीही सांगू शकत नाही. खोक्यात बंद मिळणाऱ्या नव्या एच६१ बोर्डांबद्दल तर मला जास्तच शंका आहे, कारण या चिपसेटचे उत्पादन थांबून बरीच वर्षे झाली. मग 'नव्या' बोर्डावर बसवलेली चिप कुठल्या जुन्या बोर्डावरून उतरवली असेल, हा प्रश्न विचारायलाच हवा. काहींवर एनव्हीएमई या वेगवान एसएसडीची खाच दिसते आणि ग्राहक भुलतो, पण चिपसेट तोच जुना असतो.

दुसरे असे की विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलच्या बाबतीत अधिकृत यादी आठव्या पिढीपासून सुरू होते. तुमचा प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा आहे. म्हणजे ज्या रस्त्यावर पुढे गाव नाही त्यावर तुम्ही नवे चाक बसवत आहात.

माझी सूचना अशी की एएमडी कंपनीच्या एएम४ सॉकेटचा बी४५० किंवा बी५५० बोर्ड घ्यावा. हे सॉकेट पहिल्या रायझन प्रोसेसरपासून ५००० मालिकेपर्यंत चालत आले आहे, त्यामुळे आज स्वस्तातला प्रोसेसर घेऊन पुढे बोर्ड न बदलता वरचा घेता येतो. फक्त घेताना बायॉसची (बोर्ड सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरची) आवृत्ती त्या प्रोसेसरला चालते का ते पाहावे. इंटेलच्या बाजूला हे सुख नाही. एलजीए ११५१ नावाचे सॉकेट दोन प्रकारचे निघाले. पिनांची संख्या तीच, पण आठव्या पिढीचा प्रोसेसर १०० आणि २०० मालिकेच्या बोर्डावर अधिकृतपणे चालत नाही. नुसते सॉकेटचे नाव वाचून बोर्ड घेणाऱ्यांची यात फसगत झालेली मी स्वतः पाहिली आहे.

छापखाना

सोल्डर यांची सूचना रास्त आहे. त्या चाचण्या रविवारी करून येथे कळवतो.

नवा_पाया यांना माझे उत्तर असे. एएम४ घ्यायचे म्हणजे बोर्ड, प्रोसेसर आणि डीडीआर४ मेमरी अशा तीन वस्तू घ्याव्या लागतात, आणि २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव ज्या रीतीने चढले आहेत ते पाहता ही वेळ मेमरी विकत घेण्याची नाही. माझ्याकडच्या डीडीआर३ पट्ट्या मात्र फुकटात पुढे चालतात. त्याहून मोठी अडचण विंडोज ७ ची आहे. मायक्रोसॉफ्टने रायझन आणि इंटेलची सातवी पिढी यांच्यासाठी विंडोज १० च्या आधीच्या आवृत्त्यांना आधार देणार नाही असे जाहीर केले होते, आणि तसेच घडले. नव्या बोर्डावर विंडोज ७ बसवायला गेलो तर यूएसबीचे ड्रायव्हर नाहीत म्हणून माऊस आणि कीबोर्डसुद्धा मध्येच बंद पडतात. रस्त्यावर पुढे गाव नाही हे मला मान्य आहे. पण माझे काम याच गावात आहे, पुढे जायचे आहे असे मी कुठेही म्हटलेले नाही.

कोकणकर

मुख्य वादात न शिरता एक सावधगिरी सांगतो, कारण 'जुन्या डेस्कटॉपचा बोर्ड' शोधत येणारे इतर वाचकही हा धागा वाचतील. तुमचा संगणक जोडून घेतलेला आहे म्हणून ही चर्चा तरी शक्य आहे. कंपनीचा तयार डेस्कटॉप असेल तर बोर्ड कुठलाही चालत नाही. डेलच्या ऑप्टिप्लेक्स ९०२० मध्ये बोर्डाला मुख्य वीज आठ पिनांच्या प्लगने जाते, चोवीस पिनांच्या नाही. पुढच्या बटणाची जोडणीही वेगळी असते. अशा वेळी त्याच मॉडेलचा बोर्ड मिळवावा, नाहीतर कॅबिनेट आणि एसएमपीएससकट बदल करावा.

दुसरे, आमच्याकडे रत्नागिरीत पावसाळ्यात बोर्डावर दमट धुळीचा थर बसतो आणि स्लॉटच्या धातूला हिरवट बुरशीसारखा गंज चढतो. वापरलेला बोर्ड छायाचित्र पाहून मागवू नये. हातात घेऊन, उजेडात तिरका धरून पाहावा.

नवा_पाया

विंडोज ७ हवेच असेल तर ते प्रत्यक्ष यंत्रावरच हवे, असे कोठे आहे? नव्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) विंडोज ७ चालवता येते आणि यूएसबी डोंगल आतल्या यंत्राला जोडून देता येतो. एकदा हे बसले की उद्या बोर्ड पुन्हा गेला तरी त्या आतल्या यंत्राची एकच फाईल दुसऱ्या संगणकावर उचलून नेता येते. तुमच्या दहा-बारा वर्षांच्या कामाचा जीव एका जुन्या चिपसेटमध्ये अडकवून ठेवण्यापेक्षा हा मार्ग सुरक्षित आहे. इंटरनेटला जोडलेल्या विंडोज ७ वर ग्राहकांच्या पेनड्राइव्ह लावणे, यावर तर मी वेगळा धागा काढायला तयार आहे.

लेखापाल

पेनड्राइव्हच्या मुद्द्यावर मी नवा_पाया यांच्या बाजूने आहे, पण त्याचे उत्तर संगणक बदलणे हेच आहे असे मला वाटत नाही. आमच्या कार्यालयात जुन्या संगणकाची नेटवर्कची तार काढून टाकली आहे. बाहेरून आलेली फाईल आधी दुसऱ्या संगणकावर तपासली जाते आणि मगच आत जाते. गैरसोय होते, पण सवयीने अंगवळणी पडते. डोंगल व्हर्च्युअल यंत्रात ओळखला जाईलच याची खात्री मात्र प्रत्येक डोंगलबाबत देता येत नाही. आमचा एक ओळखला गेला, दुसरा गेला नाही.

छापखाना

चाचण्या झाल्या, आणि सोल्डर यांचा संशय अर्धा खरा ठरला. मेमरी पुसून, पट्ट्या बदलून काहीच फरक पडला नाही. मीटरवर पिवळ्या तारेला बोर्ड जोडलेला असताना ११.१ व्होल्ट दाखवत होते. शेजारच्या दुकानातला चांगला एसएमपीएस आणून लावला तरी डिस्प्ले आला नाही. म्हणजे एसएमपीएसही दुबळा झाला होता आणि बोर्डही गेला होता. मी आधीच नुसता बोर्ड घेऊन आलो असतो तर त्याचीही तीच गत झाली असती, याबद्दल सोल्डर यांचे मनापासून आभार.

त्यानंतर मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जाऊन बी७५ बोर्ड आणला. तीन नग पाहिले. पहिल्यावर प्रोसेसरजवळचे दोन कपॅसिटर डोक्याशी फुगलेले होते. दुसऱ्याच्या मागच्या पोर्टांची पत्र्याची पट्टी हरवलेली होती. तिसरा स्वच्छ होता, पण सॉकेटवर झाकण नव्हते, म्हणून दुकानातच मोबाइलचा दिवा तिरका धरून पिनांच्या रांगा पाहिल्या. सगळ्या पिना एकाच दिशेने चमकत असताना कडेच्या रांगेतली एक पिन वेगळीच चमकली. ती आडवी झाली होती. दुकानातल्या मुलाने शिसे काढून घेतलेल्या यांत्रिक पेन्सिलीची पोकळ नळी त्या पिनेवर बसवून ती इतक्या हळुवारपणे उभी केली की मी श्वास रोखून पाहत राहिलो. माझा प्रोसेसर मी खिशातून नेला होता. तो तिथेच लावून, डिस्प्ले आल्यावर आणि बायॉसमध्ये आय५-३४७० हे नाव दिसल्यावरच पैसे दिले. बोर्डाला २,२०० रुपये आणि ३० दिवसांची टेस्टिंग वॉरंटी. एसएमपीएस मात्र नवा घेतला, त्यात काटकसर केली नाही.

घरी जोडल्यावर विंडोज सुरू होताना निळा पडदा येऊन ०x००००००७बी हा आकडा दिसला. जुन्या बोर्डावर साटा आयडीई या डिस्कशी बोलण्याच्या जुन्या पद्धतीवर होता आणि नव्यावर एएचसीआय या नव्या पद्धतीवर. बायॉसमध्ये तो परत आयडीईवर आणताच विंडोज उघडले आणि डोंगलचा दिवा लागला. आयडीईवर एसएसडीचा थोडा वेग जातो हे जाणतो. सीझन संपल्यावर विंडोजच्या रजिस्ट्रीत (अंतर्गत सेटिंगच्या नोंदींत) बदल करून एएचसीआयवर नेईन.

नवा_पाया यांच्या म्हणण्यातला एक भाग मी स्वीकारला आहे. एसएसडीची संपूर्ण प्रत काढून ती दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवली आणि नेटवर्कची तार काढली.

नवा_पाया

प्रत काढलीत हे योग्य केलेत. बोर्डाबद्दलचे माझे मत मी बदललेले नाही. त्या प्रतीवरून व्हर्च्युअल यंत्र तयार करून डोंगल चालतो का हे पुढच्या लग्नसराईच्या आधी एकदा पाहून घ्या. तेव्हा घाईत पाहण्याची वेळ येऊ नये.

सोल्डर

आयडीई-एएचसीआयचा बदल करण्याआधी सेल नवा घाला. वापरलेल्या बोर्डासोबत आलेला सेल बहुधा बोर्डाइतकाच जुना असतो, आणि तो संपला की बायॉस मूळ सेटिंगवर जाऊन तोच निळा पडदा पुन्हा दिसेल.