ब्रिटनच्या नोकरीसाठी पीसीसी: पासपोर्टवर जुना पत्ता, आधारवर सासरचं नाव

मृद्गंध
बहिणीला ब्रिटनमधल्या एका रुग्णालयात परिचारिकेची नोकरी मिळाली आहे आणि व्हिसासाठी पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट (पीसीसी) मागितलं आहे. ते ऑनलाइन काढायचं आहे, पण सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. पोलिसांच्या संकेतस्थळावर 'चारित्र्य पडताळणी' दिसते आणि पासपोर्टच्या संकेतस्थळावर 'पीसीसी' दिसतं. यातलं नेमकं कोणतं?

दुसरी अडचण कागदपत्रांची. पासपोर्ट लग्नाआधीचा आहे, म्हणजे माहेरचं नाव आणि पत्ता सांगलीचा. सध्या ती पुण्यात भाड्याच्या घरात राहते. आधार सासरच्या नावाने झालं आहे. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आणि नोकरीचं पत्र माहेरच्याच नावाने आहे. आधी पासपोर्ट बदलून घ्यावा लागेल का?

कागदोपत्री
परदेशासाठी पासपोर्ट कार्यालयाचंच पीसीसी काढा. महाराष्ट्र पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र इथल्या नोकरीसाठी असतं, खासगी कंपनी, सुरक्षा एजन्सी वगैरे. ते घेऊन व्हिसाला गेलात तर परत पाठवतील. पासपोर्टवाल्या पीसीसीवर पासपोर्ट क्रमांक असतो आणि अमुक देशाच्या व्हिसासाठी अपात्र ठरवणारी प्रतिकूल माहिती या व्यक्तीविरुद्ध नाही, अशा अर्थाचा मजकूर असतो. म्हणजे देशाचं नाव प्रमाणपत्रातच छापलं जातं. अर्जात देश चुकला तर सगळं पुन्हा करायचं, शुल्कासकट. दोन देशांसाठी हवं असेल तर दोन अर्ज.

अर्ज पासपोर्ट सेवा पोर्टलवर करायचा. पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' आहे की नाही ते बघूनच लॉगिन करा. सर्च केल्यावर वर येणाऱ्या नकली साइट हुबेहूब तशाच दिसतात आणि जास्तीचे पैसे घेतात. खरं शुल्क ५०० रुपये आहे. नोंदणी करताना पासपोर्ट कार्यालय सध्याच्या पत्त्यानुसार निवडायचं, पासपोर्ट जिथून निघाला त्यानुसार नाही. मग पीसीसीचा अर्ज उघडायचा, देश आणि कारण निवडायचं. कारणं मोजकीच आहेत: नोकरी, निवासी दर्जा, दीर्घ मुदतीचा व्हिसा, स्थलांतर. पर्यटनाच्या व्हिसासाठी पीसीसी दिलंच जात नाही.

नावाच्या रकान्यात सर्वात जास्त घोळ होतो. आपण आधारवर स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असं एका ओळीत लिहितो. पासपोर्टला दोनच रकाने आहेत, एक आडनावाचा आणि एक बाकीच्या नावाचा. मधलं नाव पासपोर्टवर छापलेलं असेल तर ते दुसऱ्या रकान्यात स्वतःच्या नावानंतर लिहायचं. नसेल तर इथेही लिहायचं नाही. पासपोर्ट समोर ठेवून अक्षर न् अक्षर तसंच भरा. स्पेलिंगमधला एखादा 'ए' कमी-जास्त झाला तरी काउंटरवर फाइल अडते.

अर्ज सादर केल्यावर अर्ज संदर्भ क्रमांक मिळतो. पैसे भरून भेटीची वेळ घ्यायची. पहिल्या तारखेपासून वर्षभरात तीनदा ती बदलता येते. पैसे कापले गेले आणि वेळ मिळाली नाही असं झालं तर लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका, आधी पोर्टलवरच पेमेंटची स्थिती तपासा. २८ सप्टेंबर २०२२ पासून पोस्ट ऑफिसातल्या पासपोर्ट सेवा केंद्रांतही पीसीसीचा अर्ज घेतला जातो, त्यामुळे मोठ्या केंद्रात लवकरची तारीख दिसत नसेल तर तिथे बघा.

नीलमोहोर
'कागदोपत्री' यांनी प्रक्रिया नीट सांगितली आहे. मी फक्त नाव आणि पत्ता या दोन गोष्टींवर लिहिते, कारण ताईंची फाइल अडलीच तर तिथेच अडेल.

निव्वळ पत्ता बदलला म्हणून पासपोर्ट आधी बदलून घेण्याची गरज नाही. अर्जात सध्याचा पुण्याचा पत्ता द्या आणि त्याचा पुरावा जोडा. नावाचंही तसंच. नोंदणी, नोकरीचं पत्र आणि पासपोर्ट तिन्ही एका नावाने असतील तर ऐन व्हिसाच्या वेळी पासपोर्टवरचं नाव बदलायला जाऊ नका. बदललंत तर बाकीचे कागद वेगळे पडतील आणि ताईंना तिथे प्रत्येक ठिकाणी विवाह प्रमाणपत्र दाखवत बसावं लागेल.

मग पत्त्याचा पुरावा म्हणून आधार देऊ नका, कारण त्यावर नाव वेगळं आहे. पासपोर्टवरच्या नावाचा दुसरा पुरावा शोधा. वापरात असलेल्या खात्याचं, फोटो असलेलं बँकेचं पासबुक सर्वात सोपं. बँकेत पुण्याचा पत्ता नोंदवून नवीन पासबुक छापून घ्या. भाडेकरार चालतो, पण तो नोंदणीकृत हवा. शंभर किंवा पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून घेतलेला करार पासपोर्ट कार्यालय मानत नाही. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स नोंदवणं १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे बंधनकारकच आहे आणि ते ऑनलाइन होतं, तेव्हा घरमालकाकडे आग्रह धरा. करारात ताईंचं नाव असलं पाहिजे. नुसतं नवऱ्याचं असेल तर उपयोग नाही.

नवऱ्याच्या पासपोर्टवर पत्नी म्हणून ताईंचं नाव असेल आणि पत्ता हाच असेल, तर त्याची प्रतही पुरावा म्हणून चालते. मूळ विवाह प्रमाणपत्र बरोबर न्या. मागितलं तरच काढा, पण पिशवीत असू द्या.

'या पत्त्यावर कधीपासून' या रकान्यात खरी तारीख टाका. करार मार्चपासूनचा आणि अर्जात आदल्या वर्षीची तारीख, ही विसंगती पोलीस लगेच पकडतात.

सह्यकडा
केंद्रात काय होतं ते सांगतो. मूळ पासपोर्ट आणि त्याच्या पहिल्या दोन व शेवटच्या दोन पानांच्या स्वसाक्षांकित प्रती लागतात. ईसीआरचा (काही देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते की नाही, याचा) शिक्का किंवा शेरा ज्या पानावर आहे त्याचीही प्रत घ्या. अर्जाची छापील पावती नसली तरी वेळ मिळाल्याचा एसएमएस पुरतो. ए काउंटरवर कागद स्कॅन होतात, फोटो आणि बोटांचे ठसे घेतात. बी वर कागद तपासतात, सी वर निर्णय होतो. बाहेर पडताना जी पावती मिळते त्यावर फाइल क्रमांक असतो. तो आणि जन्मतारीख टाकून पुढची स्थिती बघता येते. पावतीवरचं नाव, पासपोर्ट क्रमांक आणि देश तिथेच उभं राहून वाचा. चूक तिथे सुधारता येते, घरी आल्यावर दिसली तर पुन्हा फेरी.

त्यानंतर फाइल पोलीस आयुक्तालयाकडे आणि तिथून ताई राहतात त्या हद्दीच्या ठाण्यात जाते. तारीख लांबते ती बहुतेक इथेच. पासपोर्टचं काम बघणारे अंमलदार अर्जातल्या मोबाइलवर फोन करतात. परिचारिकेची ड्यूटी, फोन लॉकरमध्ये, घराला कुलूप, असं झालं की अहवाल 'अपूर्ण' म्हणून परत जातो. 'अपूर्ण' म्हणजे प्रतिकूल नव्हे, पण मग पासपोर्ट कार्यालयात जाऊन पडताळणी पुन्हा पाठवण्याची विनंती करावी लागते. म्हणून केंद्रातून आल्यावर दोन-चार दिवसांत स्वतःच ठाण्यात फाइल क्रमांक घेऊन चौकशी करा. मूळ कागद, प्रती, फोटो तयार ठेवा. शेजारी त्यांना सासरच्या नावाने ओळखत असतील, तर अंमलदारांना दोन्ही नावं आधीच सांगा. 'या नावाची बाई इथे राहत नाही' असं शेजाऱ्याने भाबडेपणाने सांगितलं की अडचण होते.

या पडताळणीला वेगळं शुल्क नाही. ते ५०० मध्ये आलं.

मृद्गंध
सगळ्यांचे मनापासून आभार. पासबुकाचं काम उद्याच करतो. अजून दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. ती याआधी दोन वर्षं ओमानमध्ये काम करून आली आहे, त्याचं काय? आणि कॉलेजच्या काळात एका आंदोलनात तिच्यासह बऱ्याच जणांवर गुन्हा दाखल झाला होता. त्यात सगळे निर्दोष सुटले. ते सांगायचं का?

कागदोपत्री
ओमानचं स्वतंत्र लागेल. ब्रिटनमध्ये आरोग्य, शिक्षण आणि सामाजिक सेवेतल्या नोकऱ्यांसाठी गेल्या दहा वर्षांत, वयाच्या अठराव्या वर्षानंतर, ज्या ज्या देशात सलग किंवा एकूण बारा महिने राहणं झालं, त्या प्रत्येक देशाचं प्रमाणपत्र मागतात. भारताच्या पीसीसीत ओमानची नोंद येत नाही. ते रॉयल ओमान पोलिसांकडून मिळवायचं, आणि ते इंग्रजीत नसेल तर प्रमाणित भाषांतर जोडायचं. बाहेरच्या देशातून कागद यायला किती वेळ लागेल ते आपल्या हातात नसतं, त्यामुळे ते काम इथल्या अर्जाच्या आधी सुरू करा. इथलं पीसीसी फार लवकर काढून ठेवण्यातही अर्थ नाही. ते किती ताजं हवं हे घेणारा देश ठरवतो. कॅनडा तर सध्या राहत असलेल्या देशाचं प्रमाणपत्र अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतलंच घेतो.

नीलमोहोर
गुन्ह्याबद्दल: लपवू नका. ठाण्याच्या नोंदी आता सीसीटीएनएसवर, म्हणजे देशभरातल्या पोलीस ठाण्यांच्या संगणकीय जाळ्यावर आहेत, निकाल लागला तरी गुन्हा क्रमांक तिथे दिसू शकतो. बऱ्याचदा निकालाची नोंदच ठाण्यात पोचलेली नसते आणि संगणकात खटला प्रलंबित दिसतो. प्रतिकूल अहवाल जाण्याचं हे एक मोठं कारण आहे. ज्या न्यायालयात निकाल लागला तिथून निकालपत्राची प्रमाणित प्रत काढा. साधी झेरॉक्स नको. ती गुन्हा जिथे दाखल झाला त्या ठाण्यात देऊन नोंद अद्ययावत करायला लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. अर्जात जो प्रश्न विचारला असेल त्याला नेमकं तेवढंच, पण खरं उत्तर द्या. पासपोर्ट कायदा १९६७ च्या कलम १२ खाली जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. निर्दोष सुटलेल्या माणसाने नवा गुन्हा अंगावर का घ्यायचा?

प्रमाणित प्रतीच्या दोन नकला जास्त काढा, व्हिसाच्या अर्जातही हा प्रश्न येऊ शकतो.

सह्यकडा
अपोस्टिलबद्दल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून परराष्ट्र मंत्रालयाकडून करून घ्यायच्या साक्षांकनाबद्दल, कुणी एजंट गळ घालेल म्हणून लिहितो. रुग्णालयाने किंवा व्हिसावाल्यांनी लेखी मागितलं असेल तरच करा. पीसीसी हातात आलं की प्रत्येक पीसीसीला अपोस्टिल लागतंच असं सांगून पैसे काढणारे बरेच आहेत.