जुन्या एअरमेल कव्हर्सची किंमत कशी धरायची?

निळं_लेबल:
१९२७ ते १९५० या काळातल्या साठेक एअरमेल कव्हर्सचा (म्हणजे विमानटपालाने गेलेल्या लिफाफ्यांचा) गठ्ठा आहे. तिकिटांची कॅटलॉग किंमत बेरजेला धरली तर एक आकडा येतो, विक्रीला लावलेल्या तशाच कव्हर्सवर भलताच. नमुन्यादाखल चार:

१) अमेरिका, १९२८. पहिल्या उड्डाणाचा मोठा चित्रमय शिक्का, टाइप केलेला पत्ता, आत पत्र नाही.
२) लंडन ते कलकत्ता, मे १९३८. कंपनीचा छापील लिफाफा, दीड पेन्सचं एकच तिकीट.
३) मुंबई ते लंडन, १९४१. सेन्सॉरची पट्टी (युद्धकाळात पत्र उघडून तपासल्यावर लावलेली), चांगली जास्त किमतीची तिकिटं.
४) लंडन ते कराची, डिसेंबर १९३५. तिकीट नाही, शाई पसरलेली. हे टाकूनच द्यावं ना?

शिक्का_पाहून_बोला:
चौथं अजिबात टाकू नका! ३१ डिसेंबर १९३५ ला इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश विमान कंपनीचं 'सिटी ऑफ खार्टूम' हे समुद्रविमान अलेक्झांड्रियाजवळ इंधन संपून समुद्रात पडलं. लंडनहून पूर्वेकडे जाणारं टपाल त्यात होतं. पिशव्या काढल्या तोवर गोंद विरघळून तिकिटं निघून गेली होती. कव्हरवर पाण्याने खराब झाल्याचा टपाल खात्याचा शिक्का किंवा चिठ्ठी दिसते का ते आडव्या (बाजूने पाडलेल्या) प्रकाशात बघा. ते असेल आणि रवानगीची तारीख त्या विमानाशी जुळत असेल तर हे क्रॅश कव्हर, आणि गठ्ठ्यातलं सगळ्यात महागही हेच ठरू शकतं. काहीच नसेल तर मात्र नुसतं भिजलेलं पाकीट. अपघाताच्या टपालासाठी नीरिंकचा कॅटलॉग बघतात, शिक्क्याचे प्रकार त्यात मिळतील.

पहिल्याचा भाव फार धरू नका. मे १९२७ मध्ये लिंडबर्गने अटलांटिक ओलांडल्यावर अमेरिकेत विमानटपालाची लाट आली. प्रत्येक नव्या मार्गाला, प्रत्येक नव्या धावपट्टीला गावोगावी शिक्के बनले आणि संग्राहकांनी स्वतःच्याच पत्त्यावर ढिगाने पाकिटं पाठवली. अमेरिकन एअर मेल कॅटलॉगमध्ये मार्ग आणि गाव शोधा. बहुतेक किरकोळच निघतात. वैमानिकाची सही असेल किंवा थोडंच टपाल चढलेला मधला थांबा असेल, तर गोष्ट वेगळी. दर तेवढा ताडून बघा: १ ऑगस्ट १९२८ च्या आधी अर्ध्या औंसाला १० सेंट, नंतर पहिल्या औंसाला ५ सेंट.

दुसरं आणि तिसरं खरं व्यापारी टपाल आहे, कुणी जपून ठेवायला पाठवलेलं नाही. म्हणूनच असली कव्हर्स कमी उरतात. पण कमी उरली म्हणजे लगेच महाग असं नाही. दुसरं एम्पायर एअर मेल योजनेतलं. ब्रिटनहून अर्ध्या औंसाला दीड पेन्स, भारताकडे २३ फेब्रुवारी १९३८ पासून. दर बरोबर, मार्ग नेहमीचा, म्हणून भाव बेताचा. हेच २३ फेब्रुवारीच्या पहिल्या टपालातलं किंवा एखाद्या आडवळणाच्या बेटाला गेलेलं असतं तर उचलून धरलं असतं.

तिसऱ्याला वेळ द्या. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर भूमध्य समुद्राची वाट बंद झाली. मग टपाल विमानाने आफ्रिकेवरून डर्बनपर्यंत आणि पुढे बोटीने ब्रिटनला जायचं. हाच हॉर्सशू मार्ग. वाटेतले शिक्के बहुधा नसतातच, त्यामुळे मार्ग तारीख आणि दरावरून ठरवावा लागतो. तिकिटांची बेरीज करा, त्या महिन्याच्या दराने भागा, पूर्ण पट येते का बघा. नाही आली तर एकतर तिकीट गळून पडलंय, नाहीतर रजिस्ट्रेशनसारखी जादा फी त्यात आहे.

दहापट_भिंग:
किमतीच्या आधी खोटेपणा तपासा.

तिकीट आणि लिफाफा शिक्क्याने एकत्र बांधलेले हवेत. १० पट भिंगाखाली शिक्क्याची रेघ तिकिटाच्या कडेवरून लिफाफ्यावर उतरताना बघा. रेघ अर्धा मिलिमीटर जरी सरकली किंवा शाईची छटा बदलली, तरी तिकीट मागाहून डकवल्याची शंका घ्या. दुसरं, यूव्ही दिवा. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती चकाकणारी रसायनं साधारण १९५० नंतरच्या कागदात येतात. १९३२ चा लिफाफा दिव्याखाली निळसर चमकला तर तिथेच थांबा. उलट, चमकला नाही म्हणून खरा ठरत नाही. जुना कोरा कागद मिळवणं काही अवघड नाही.

१८ फेब्रुवारी १९११ च्या अलाहाबाद–नैनी उड्डाणाचं (जगातलं पहिलं अधिकृत विमानटपाल) काही निघालं तर तज्ज्ञांच्या प्रमाणपत्राशिवाय बोलणीच करू नका. सुमारे ६,५०० पत्रं गेली होती. त्या उड्डाणाचा खास ठसा बहुतेकांवर मजेंटा, काळा अगदी थोड्यांवर, आणि नकली ठसे भरपूर.

मागची झडप फाटलेली असेल तर ती फक्त दिसण्याची बाब नाही. पोचल्याचा शिक्का झडपेवरच असायचा. तो गेला की कव्हर पोचल्याचा पुरावा गेला, आणि किंमत तिथेच पडते. उभी घडी तिकिटातून गेली असेल तर जास्त वजावट, मोकळ्या कागदावरून गेली असेल तर कमी.

हॅमर_प्राइस:
विक्रीला लावलेले आकडे विसरा, ती मागणाऱ्याची इच्छा आहे. लिलावात प्रत्यक्ष विकलेल्यांचे निकाल बघा. तोच मार्ग, तोच काळ, तशीच अवस्था असलेले निदान तीन निकाल मिळवा आणि मधला धरा. सर्वांत वरच्या निकालामागे बऱ्याचदा दोघांची चढाओढ असते. जाहीर झालेला आकडा हॅमर प्राइस (म्हणजे लिलावात बोली थांबली तो आकडा) आहे की घेणाऱ्याचं कमिशन धरून, तेही बघा. तुमच्या हाती पडणार ते हॅमरमधून विकणाऱ्याचं कमिशन वजा जाऊन.

तिकिटांच्या कॅटलॉग किमती कव्हरला थेट लावू नका. त्या सुट्या तिकिटांच्या, चांगल्या अवस्थेतल्या आणि दुकानदाराच्या किमती असतात. एक अपवाद: तिकीटच दुर्मीळ असेल, जसं झेपेलिन या हवाई जहाजाच्या टपालाचं १९३० चं अमेरिकन २.६० डॉलरचं तिकीट, तर त्याची वापरलेल्या अवस्थेतली किंमत कव्हरची खालची पायरी धरतात. झेपेलिन कव्हर्स सीगरच्या (झेपेलिन टपालाच्या कॅटलॉगच्या) क्रमांकाने विकली जातात. एकाच फेरीत जर्मन तिकिटांचं टपाल ढीगभर आणि एखाद्या छोट्या देशाचं मोजकं, म्हणून तिकीट कोणत्या देशाचं हे आधी लिहून घ्या.

साठच्या साठ एकेक करून विकू नका. दहाबारा निवडा, बाकी मार्गवार गठ्ठ्यांनी काढा. अमेरिकन पहिली उड्डाणं सुटी विकायला जाल तर फोटो आणि टपालखर्चातच जीव जाईल.

निळं_लेबल:
चौथ्यावर आडव्या प्रकाशात अर्धवट शिक्का दिसतोय! तिसऱ्यावरची सेन्सॉरची पट्टी एका टोकाला सुटलीय, चिकटवू का?

दहापट_भिंग:
नको. पट्टीवरचा सेन्सॉर क्रमांक आणि तिच्या जुन्या गोंदाची खूण दोन्ही पुरावे आहेत. पारदर्शक चिकटपट्टी तर चुकूनही नको, तिचा तेलकट डाग कागदात मुरतो. पीव्हीसीचे कप्पेही टाळा, पॉलिएस्टरचे घ्या, आणि पट्टी आहे तशी सपाट राहील असं कव्हर आत सरकवा. चौथ्याचे दोन्ही बाजूंचे ६०० डीपीआय स्कॅन टाका, एक सरळ आणि एक आडव्या प्रकाशातला फोटो.