ब्लॅकवॉटर पार्क : रचना की तुकडेजोड? (तीन श्रोत्यांची चर्चा)

दुपदरी
ओपेथ या स्वीडिश बँडचा ‘ब्लॅकवॉटर पार्क’ (2001) हा प्रोग्रेसिव्ह डेथ मेटलमधला (भारी गिटार, गुरगुरता आवाज आणि लांब, गुंतागुंतीच्या रचना) सर्वांत नीट बांधलेला अल्बम आहे, असं माझं ठाम मत आहे. आठ ट्रॅक, साधारण 67 मिनिटं. नेहमीचा आक्षेप असा की हळुवार गिटार आणि भारी रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा) आलटून पालटून लावले की झालं ओपेथचं गाणं. ज्यांना तसं वाटतं त्यांनी ‘द ड्रेपरी फॉल्स’ सलग ऐकावं. जवळजवळ 11 मिनिटांच्या या गाण्यात बँडचा गायक-गिटारवादक ओकरफेल्ट बराच वेळ साध्या आवाजातच गातो, ग्राउल (घोगरा, गुरगुरता आवाज) निम्म्याच्या आसपास येतो. सुरुवातीची वजनदार कॉर्ड्‌स आणि त्यांवरची लीड गिटारची लांब ओढलेली धून मधल्या गदारोळात गायब होते आणि शेवटी परत येते, भरपूर ताना घेऊन गवई मुखड्यावर यावा तशी. मधला भाग काढला तर त्या परतण्याला काही अर्थच उरत नाही.

रिफमोजणी
एका गाण्यावरून अख्ख्या अल्बमचा निकाल लावू नका. ‘द लेपर अफिनिटी’चा शेवट पियानोवर होतो. ऐकायला सुरेख, पण आधीच्या साऱ्या गाण्यातली कुठली धून त्यात आली? ‘डर्ज फॉर नोव्हेंबर’ तर सरळ साचा आहे: हळू, भारी, पुन्हा हळू. शेवटचं आर्पेजिओ (कॉर्डचे स्वर एकेक करून वाजवणं) इतका वेळ फिरत राहतं की मधल्या भागाचा जोर पार ओसरतो. रचना म्हणजे पुढची गोष्ट आधीच्या गोष्टीतून निघायला हवी. इथे बऱ्याचदा नुसता आवाज खाली येतो आणि नवीन प्रकरण सुरू होतं.

सहावी तार
तुम्ही दोघंही गाण्याचा आराखडाच बघताय. या संगीताचं खरं कसब स्वरांच्या मांडणीत आहे. डेथ मेटलमध्ये पॉवर कॉर्ड (फक्त मूळ स्वर आणि पंचम) का चालतो? गिटारची मोकळी सहावी तार ई, 82.4 हर्ट्‌झ, आणि तिच्यावरचा पंचम बी, 123.5. डिस्टॉर्शनमध्ये (आवाज मुद्दाम फाडल्यावर) या दोन स्वरांतल्या फरकाचाही एक स्वर तयार होतो: 41 हर्ट्‌झ, म्हणजे खालच्या सप्तकातला ई. म्हणून कॉर्ड भक्कम वाटतो. आता पंचमाऐवजी कोमल गंधार घ्या, जी, 98 हर्ट्‌झ. फरक 15.6. हा कुठल्याच कामाचा स्वर नाही, नुसती गुरगुर. ओपेथच्या रिफमध्ये मायनर (कोमल गंधाराचे) आणि नववा स्वर (वरच्या सप्तकातला रिषभ) मिसळलेले कॉर्ड सतत असतात, ते एकाच गिटारवर भरपूर गेन (आवाज फाडण्याचं प्रमाण) लावून वाजवले की चिखल होतो.

ही गाणी घरी बसवताना कॉर्ड दोन गिटारींत वाटून घ्या: एकीवर मूळ स्वर आणि पंचम, दुसरीवर वरच्या तारांत गंधार किंवा नववा. दोन्ही वेगळ्या अ‍ॅम्पमधून, डाव्या-उजव्या बाजूला. स्वर एकाच डिस्टॉर्शनमधून गेले नाहीत तर ही गुरगुर तयारच होत नाही. गेनही नेहमीपेक्षा कमी ठेवा. बहुतेक कव्हर बँड नेमके इथेच फसतात.

दुपदरी
‘सहावी तार’ यांचा मुद्दा ग्राउललाही लागू पडतो. ग्राउलला ठाम स्वर नसतो, त्यामुळे खालचा कॉर्ड कितीही आडवळणाचा असला तरी आवाज त्याच्याशी भांडत नाही. चाल गिटारकडे राहते. साधा आवाज आला की एक स्वर निवडावाच लागतो. ‘ब्लीक’मध्ये पाहुणा गायक स्टीव्हन विल्सनचा आवाज येतो आणि तोपर्यंत धूसर असलेला सूर एकदम उघड होतो. हा बदल नुसता ‘हळू-भारी’ नाही.

रिफमोजणी
‘ब्लीक’ मान्य, तो सांधा खरंच उत्तम आहे. पण मग श्रेय कुणाचं? पोर्क्युपाइन ट्री या ब्रिटिश बँडचा विल्सन गोथेनबर्गच्या स्टुडिओ फ्रेडमनमध्ये निर्माता म्हणून आला. पियानो, जादा गिटार आणि आवाजांचे थर त्याने वाढवले. तुम्ही ज्याला रचना म्हणताय त्यातलं बरंच काम ध्वनिमुद्रणाचं आहे.

सहावी तार
थर चढवून कॉर्ड बदलत नाहीत. गाणी ओकरफेल्टची आहेत. शिवाय ड्रमर मार्टिन लोपेझला विसरू नका. भारी भागातही तो सतत डबल बेस (दोन्ही पायांनी जलद वाजवलेला बेस ड्रम) चालवत नाही, बऱ्याचदा साधा, मोकळा ठेका धरतो, त्यामुळे हळव्या भागात शिरताना लय अडखळत नाही. सांधा ड्रमवाला जोडतो.

रिफमोजणी
लोपेझबद्दल वाद नाही. तरी ‘डर्ज’चा शेवट निम्मा कापला तर गाण्याचं काय बिघडेल, याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

दुपदरी
बिघडेल. पुढचं ‘द फ्युनरल पोर्ट्रेट’ आहे. त्याचा भारी रिफ आदळण्याआधी कान पूर्ण निवलेले हवेत. ‘डर्ज’ एकटं ऐकलं तर शेवट लांबतो, हे खरं. पण अल्बमच्या क्रमात ऐकलं तर ती लांबी पुढच्या गाण्यासाठी लागते.