येळवशीच्या फोटोंची संक्रांतीला कार्डं करायचीत, मदत हवी आहे

मंडळी नमस्कार, आम्ही लातूरकडचे. परवा येळवशीला (वेळ अमावस्येला) सगळा गोतावळा शेतात जमला होता, कडब्याच्या कोपीतल्या पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, उंडे सगळं झाल्यावर फोटो काढलेत, त्याचीच भेटकार्डं छापून संक्रांतीला पाव्हण्यांना पोस्टानं पाठवायचीत. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेला फोटो दोन दिवसांत खाली जातो, कार्ड मात्र आत्या वर्षभर देवघरापाशी ठेवती.

सगळ्यांना एकच फोटो नको, ज्याला त्याला त्याचा. पुण्याच्या काकाला त्यानीच लावलेल्या आंब्याखालचा, आन आत्याला आजीचा. त्यात आजी आंबिलाच्या बिंदगीवर हात ठेवून बसलीय आन कॅमेऱ्याकडं न बघता आत्याकडंच बघायलीय, तो दुसऱ्या कुणाला देऊन काय उपयोग सांगा.

अडलंय ते नावांवर. यादी मी मोबाईलवर टाईप केलीय पण पत्रिका छापणारे कोरलड्रॉ (डिझाईनचं सॉफ्टवेअर) आन श्रीलिपीत (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) काम करतात, माझी यादी तिकडं पेस्ट केली की नुसते चौकोन नायतर भलतीच अक्षरं, आन त्यांनी हातानं परत टाईप केलं तर कुलकर्णींचा रफारच गायब. आपल्या माणसाचं नाव चुकलेलं कार्ड पाठवायला मन होत नाही. नावं जशीच्या तशी छापून कशी घ्यायची? आन पाकिटात थोडा हलवा टाकला तर चालंल का?

प्रतिसाद १
दादा, त्यांना यादी देऊच नका, तयार पीडीएफ द्या. तुमचं टायपिंग युनिकोडमधलं (मोबाईल-कॉम्प्युटरवर सगळीकडं चालणाऱ्या पद्धतीचं) आहे आणि श्रीलिपीचे जुने फाँट वेगळ्या पद्धतीचे, म्हणून अक्षरं बदलतात. घरीच लिबरऑफिस किंवा कॅनव्हात मुक्ता नाहीतर नोटो फाँट घेऊन एका घराला एक पान करा, फोटो वेगवेगळे असल्यामुळं ते हातानंच करावं लागंल पण नावं तुमच्याच नजरेखाली राहतील. पीडीएफमध्ये फाँट एम्बेड झालेला (फाईलमध्येच बसवलेला) असला आणि दुकानात ती कोरलड्रॉत न उघडता थेट छापली की नावं बदलत नाहीत. 4 बाय 6 इंच साईज घ्या, 13 बाय 19 च्या एका शीटवर 9 कार्डं बसतात, पैसे वाचतात. फोटो किमान 1200 बाय 1800 पिक्सेलचा पाहिजे, आणि भावाबहिणींकडून मागवताना डॉक्युमेंट म्हणूनच मागवा, साधा पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप बारीक करतं. पहिलं एकच शीट काढून बघा, फोटो स्क्रीनपेक्षा थोडे काळपट येतात.

प्रतिसाद २
300 जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम जाडीच्या कागदाचं) 4 बाय 6 कार्ड साधारण साडेचार-पाच ग्रॅम भरतं. साध्या पत्राला 20 ग्रॅमपर्यंत 5 रुपयांचं तिकीट, त्यामुळं पाकीट धरूनही चमचाभर हलवा बसतो, फक्त छोट्या प्लास्टिक पुडीत घालून चपटा पसरवा, एका जागी गोळा झाला तर शिक्का मारताना पाकीट फाटतं. पिनकोड मोठ्या आकड्यांत लिहा. आणि घाई करू नका, तिळगूळ रथसप्तमीपर्यंत देतात, 14 जानेवारीच्या पुढं पोचलं तरी कुणी नाव ठेवणार नाही.

मूळ धागाकर्ता
लई मोठं काम केलंत दोघांनी, आजच पानं करायला बसतो. एकच राहिलं, मागच्या बाजूला आजी स्वतःच्या हातानं दोन शब्द लिहायचं म्हणायलीय. ग्लॉसीवर शाई पसरती म्हणून मागची बाजू मॅट ठेवून मिळती का, का दुसरा कागदच सांगावा लागंल?

प्रतिसाद १
वन साईड कोटेड आर्ट कार्ड म्हणून मागा, मागं साधा कागद असतो, बॉलपेन मस्त चालतो.