हा तर नऊ एक्क्यांचा वर्ग आहे
कुणी विचारलं की १२३४५६७८९८७६५४३२१ मूळ संख्या आहे का, तर नाही, हा चक्क १११११११११ चा वर्ग आहे. कागदावर उभा गुणाकार मांडून बघाच, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते आणि मधल्या रकान्यात जास्तीत जास्त नऊच एक्के येतात म्हणून हातचा कुठे येतच नाही. दहा एक्के घेतले की हातचा आला, उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१, पॅटर्न मोडला. नऊ एक्क्यांच्या वर्गाचे अवयव पाडले तर ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग. अंकांची बेरीज ८१, तोही वर्गच! आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते म्हणजे अशा संख्यांना आपल्या देवळालीच्या गणितवेड्या कापरेकर मास्तरांनी डेम्लो नाव दिलंय, डोंबिवली स्टेशनच्या जुन्या नावावरून. त्यांचा ६१७४ (चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहिलं की शेवटी येणारा आकडा, फक्त चारही अंक सारखे नकोत) सगळ्यांना माहितीये, डेम्लोसुद्धा माहिती व्हायला हवा.